लुकमा कोण देणार?

‘पक्ष सगळे सारखेच. माणूस चांगला पाहिजे.’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आपल्यात सापडणार नाही. निवडणुका जवळ आल्या की चहाच्या टपरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत ते कोणी ना कोणी उच्चारतोच. बोलणारा बहुधा प्रामाणिक असतो. पक्ष फुटताना, जुळताना, रातोरात झेंडे बदलताना त्याने पाहिलेले असतात. ज्याला मत दिले तो महिन्याभरात समोरच्या बाकावर जाऊन बसलेलाही त्याने पाहिलेला असतो. म्हणून त्याला वाटते, हे मधले दलाल हवेत कशाला? जनतेने सरळ एका माणसाला निवडावे, त्याच्या हाती कारभार द्यावा आणि पाच वर्षांनी हिशेब मागावा.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. लोकशाही म्हणजे लोकांचे राज्य, आणि लोकांनी थेट आपला प्रमुख निवडणे याहून अधिक लोकशाही ती कोणती? जगातल्या कितीतरी देशांत राष्ट्राध्यक्ष असाच थेट निवडला जातो. तथापि अनेक ठिकाणचा अनुभव असा आहे की थेट निवडलेल्या अध्यक्षाच्या सावलीत पक्ष वाढत नाहीत, खुरटतात; काही ठिकाणी मरतातही. हे का घडते हा राज्यशास्त्राचा प्रश्न झाला. पण त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. एका माणसावर, तो कितीही सज्जन असो, सबंध समाजाचा भरवसा सोपवून मोकळे होणे योग्य आहे का?

आपल्या देशाने या प्रश्नाचा एकदा विचारपूर्वक निकाल लावलेला आहे. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा अशी मागणी घटना समितीत झाली होती, प्रा. के. टी. शहा यांनी ती आग्रहाने मांडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींतला फरक उलगडून सांगितला. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता: राज्यकारभार स्थिर हवा आणि जबाबदारही हवा, पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी अधिक. थेट निवडलेल्या अध्यक्षाचा हिशेब मुदत संपल्यावर मतदार घेतात. संसदीय मंत्रिमंडळाचा हिशेब मतदार तर घेतातच, पण त्याआधी सभागृह तो रोज घेत असते. प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास दाखवून. मसुदा समितीने रोजच्या हिशेबाला पसंती दिली.

रोजचा हिशेब एकट्या-दुकट्या मतदाराच्या हातचा नाही. त्यासाठी संघटित माणसे लागतात, आणि राजकारणात त्या संघटनेलाच पक्ष म्हणतात. विरोधी पक्ष हिशेब घेतो हे सर्वांनाच दिसते. स्वपक्षही घेऊ शकतो, हे मात्र आपण विसरतो. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांनी आपल्या पक्षाला लागोपाठ तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकून दिल्या होत्या. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले ते विरोधकांमुळे नव्हे, स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांमुळे. ज्यांनी नेता केला त्यांनीच त्याला उतरवले. थेट निवडलेल्या अध्यक्षाचे तसे नसते. पक्षाने त्याला उमेदवारी दिलेली असते, पण खुर्ची जनतेने दिलेली असते. एकदा तो त्या खुर्चीवर बसला की पक्षाचा त्याच्यावरचा हक्क संपतो. महाभियोगाची वाट असते, पण ती इतकी अवघड की असून नसल्यासारखी.

*

हे कोरडे तत्त्व एका देशाच्या इतिहासात पाहू. देश ट्युनिशिया, उत्तर आफ्रिकेतला, सव्वा कोटीच्या आसपास वस्तीचा. १९५६ साली फ्रान्सच्या तावडीतून सुटला. त्यानंतरच्या पंचावन्न वर्षांत त्याने दोनच राष्ट्राध्यक्ष पाहिले. हबीब बुर्गिबा १९७५ मध्ये तहहयात अध्यक्ष झाले. १९८७ मध्ये त्यांना दूर सारून झैन अल्-आबिदीन बिन अली आले. निवडणुका होत, निकाल आधीच ठरलेला असे. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझीद या गावी मुहम्मद बुअझीझी नावाच्या गरीब फेरीवाल्याने, माल जप्त झाल्याच्या अपमानाने, स्वतःला पेटवून घेतले. ती आग देशभर पसरली. १४ जानेवारी २०११ रोजी बिन अली देश सोडून पळाले.

ऑक्टोबर २०११ मध्ये घटना समितीची निवडणूक झाली. राशिद घन्नुशी यांच्या ‘अन्-नहदा’ पक्षाला २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या. बहुमत नव्हते, म्हणून त्यांनी दोन धर्मनिरपेक्ष पक्षांना बरोबर घेतले. समितीच्या सभासदांनीच मोन्सेफ मर्झूकी यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. मग घटनेवर वाद सुरू झाला, आणि तो नेमका आपल्या प्रश्नावर होता. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडावा असे अन्-नहदाचे म्हणणे. नवा बिन अली पुन्हा उभा राहू नये ही त्यामागची भीती. इतर पक्षांना वाटे, संसदही यांची आणि अध्यक्षही यांचाच झाला तर आपण जायचे कुठे? अध्यक्ष थेट जनतेने निवडावा असा त्यांचा आग्रह. दोन्ही भीती खऱ्या होत्या. शेवटी तडजोड झाली: अध्यक्ष थेट निवडायचा, पण त्याच्याकडे मुख्यतः संरक्षण आणि परराष्ट्र ही खाती, बाकी कारभार संसदेला जबाबदार असलेल्या पंतप्रधानाकडे. २६ जानेवारी २०१४ रोजी २१७ पैकी २०० सभासदांनी या घटनेला मान्यता दिली.

तडजोड सोपी नव्हती. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांचे खून झाले होते आणि देश यादवीच्या काठावर उभा होता. कामगार संघटना, उद्योजकांचा संघ, मानवी हक्क संघटना आणि वकिलांची संघटना या चौघांनी पक्षांना एका टेबलाशी बसवले. त्याबद्दल त्यांना २०१५ चे शांततेचे नोबेल मिळाले. अन्-नहदाने हातची सत्ता सोडली. ती का सोडली? कारण पक्षाला उद्या असतो. आज खाली बसलो तरी पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभे राहता येईल, हा हिशेब पक्ष करू शकतो. एकट्या माणसाला हा हिशेब जमत नाही. त्याच्याजवळ जे आहे ते आजच.

पुढे काय झाले ते पाहा. बेजी कैद अस्सेब्सी या जुन्या मुत्सद्द्याने २०१२ मध्ये ‘निदा तूनिस’ नावाचा पक्ष काढला होता. निदा म्हणजे हाक; आपल्याला अर्थ सांगायला नको. त्या हाकेला ओ देऊन डावे, उदारमतवादी, उद्योजक, जुन्या राजवटीतले लोक असे सगळे जमले. २०१४ मध्ये या पक्षाने ८६ जागा जिंकल्या आणि अस्सेब्सी थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष झाले. घटनेप्रमाणे अध्यक्षाला पक्षाचे पद ठेवता येत नव्हते. त्यांनी ते सोडले, आणि पक्ष त्यांच्या मुलाच्या हाती गेला. २०१६ च्या आरंभी खासदार बाहेर पडू लागले. ज्या एका माणसाभोवती तो पक्ष विणला होता तो माणूस राजवाड्यात गेला, आणि मागे उरला तो धागा निघालेला गालिचा. २०१९ च्या निवडणुकीत त्या पक्षाला अवघ्या ३ जागा मिळाल्या. पाच वर्षांत ८६ वरून ३!

जुलै २०१९ मध्ये अस्सेब्सी वारले. अध्यक्षाची निवडणूक त्यामुळे अलीकडे आली आणि संसदेच्या निवडणुकीच्या आधी होऊन बसली. पहिल्या फेरीला उमेदवार होते २६. एवढ्या गर्दीत १८ टक्के मते घेऊन कैस सईद पहिले आले. दुसरे आले नबील करवी, टीव्ही वाहिनीचे मालक. आर्थिक गुन्ह्याच्या आरोपावरून ते तेव्हा तुरुंगात होते. त्यांनी त्याच वर्षी ‘कल्ब तूनिस’ नावाचा पक्ष काढला होता. कैस सईद यांच्याकडे तोही नव्हता. घटनाशास्त्राचे प्राध्यापक, शुद्ध अरबी बोलणारे, साधे राहणारे. त्यांनी प्रचारासाठी सरकारी पैसाही घेतला नाही. त्यांचे नाव कोणत्याही घोटाळ्यात नव्हते. पक्षांचा काळ संपला असे ते उघड म्हणत. दुसऱ्या फेरीत जवळजवळ ७३ टक्के मतदारांनी त्यांना निवडले.

‘पक्ष सगळे सारखेच, माणूस चांगला पाहिजे’ असे म्हणणाऱ्याला हवा तसा माणूस मिळाला होता.

२५ जुलै २०२१ रोजी या चांगल्या माणसाने पंतप्रधानांना काढले आणि संसद स्थगित केली. लोक रस्त्यावर येऊन आनंदाने नाचले, हेही सांगितले पाहिजे. करोनाने माणसे मरत होती, महागाई वाढली होती, आणि संसदेत मारहाणीचे प्रकार घडत होते. लोकांच्या रागाला कारण होते. सप्टेंबरमध्ये सईद यांनी अध्यादेशाने राज्य करायला सुरुवात केली. मार्च २०२२ मध्ये संसद बरखास्त केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायिक परिषद मोडली, ५७ न्यायाधीशांना घरी पाठवले, आणि नवी घटना जनमताला टाकली. ९४ टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. मतदान करणारे मात्र जेमतेम ३० टक्के. डिसेंबर २०२२ च्या संसदीय निवडणुकीत उमेदवार व्यक्ती म्हणून उभे राहिले, पक्षाला स्थान नव्हते. मतदान झाले सुमारे ११ टक्के. एप्रिल २०२३ मध्ये, रमजान महिन्यात, घन्नुशींना अटक झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. त्यांचा एक प्रतिस्पर्धी तुरुंगात होता, आणि मतदारांपैकी सत्तर टक्के घरी बसले होते.

*

या कथेतला खलनायक एकटे सईद आहेत असे मानले तर आपण सोपा मार्ग धरला असे होईल. पक्षांनी आपली कबर बऱ्याच अंशी स्वतःच खोदली. २०१४ च्या घटनेने बारा सदस्यांचे घटना न्यायालय एका वर्षात स्थापन करायला सांगितले होते. त्यातले चार सदस्य संसदेने निवडायचे होते. सात वर्षांत पक्षांचे एकाच नावावर एकमत झाले. २०२१ मध्ये अध्यक्षांनी आणीबाणीच्या कलमाचा आधार घेतला, तेव्हा तो आधार बरोबर की चूक हे सांगणारे न्यायालयच देशात नव्हते. ज्या दारावर थाप मारायची ते दार बसवायचेच राहून गेले होते.

पण पद्धतीचाही दोष होता. हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक निबंध लिहून त्याकडे बोट दाखवले होते. अध्यक्षालाही जनतेने निवडले आणि संसदेलाही जनतेनेच निवडले. दोघांत वाद झाला तर जनतेचा खरा प्रतिनिधी कोण? लोकशाहीच्या तत्त्वात याला उत्तर नाही. मग ज्याच्या हाती फौज आणि पोलीस, तो उत्तर देतो. ट्युनिशियात सईद यांची दुसरी फेरी आणि संसदेची निवडणूक यांत एका आठवड्याचे अंतर होते. त्याच जनतेने एका रविवारी एका माणसाला ७३ टक्के दिले, आणि आधीच्या रविवारी संसदेचे इतके तुकडे केले की सर्वांत मोठ्या पक्षाकडे २१७ पैकी ५२ जागा होत्या. एकीकडे अखंड मूर्ती, दुसरीकडे खडी. या दोघांचा सामना बरोबरीचा होणे शक्य नव्हते.

थेट निवडणूक पक्ष कशी झिजवते याची रीतही यातून दिसते. मोठे पद एकच असते, म्हणून प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणूस त्याच्यामागे धावतो. पक्षात वीस वर्षे काम करण्यापेक्षा निवडणुकीपूर्वी सहा महिने स्वतःचा पक्ष काढणे स्वस्त पडते. पक्षालाही आपला निष्ठावंत कार्यकर्ता नको असतो, सर्वांना चालेल असा चेहरा हवा असतो. निवडून आलेल्याला पक्षाची गरज उरत नाही, आणि पक्षाला मात्र त्याच्यावाचून ओळख उरत नाही.

इंडोनेशियातही हेच वारे वाहिले. तिथे १९९९ मध्ये लोकसभागृहाने अब्दुर्रहमान वाहिद यांना अध्यक्ष निवडले आणि २००१ मध्ये काढले. त्या अस्थिरतेला कंटाळून २००४ पासून थेट निवडणूक आली. सुसिलो बामबांग युधोयोनो यांच्यासाठी २००१ मध्ये एक पक्ष स्थापन झाला होता. २००४ मध्ये त्याला सात टक्के मते मिळाली. स्वतः युधोयोनो ६० टक्के घेऊन अध्यक्ष झाले. २००९ मध्ये त्यांच्या लोकप्रियतेवर पक्ष २० टक्क्यांवर गेला, आणि त्यांची मुदत संपता संपता, २०१४ मध्ये, १० टक्क्यांवर आला. दरम्यान आणखी सेनापतींनी आणि धनिकांनी आपापले पक्ष काढले. त्यांपैकी प्रबोवो सुबिआंतो यांच्या पक्षाचा जन्म २००८ चा. २०२४ मध्ये ते अध्यक्ष झाले. २०१४ आणि २०१९ अशा दोनदा ज्यांच्याकडून ते हरले, त्या जोको विदोदो यांचा मुलगा त्यांच्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून निवडून आला. कोण कोणाचा विरोधक, हे सांगताना तिथल्या मतदाराची किती तारांबळ उडत असेल!

तरीही इंडोनेशिया ट्युनिशियाच्या वाटेने गेला नाही. ‘नहदतुल उलमा’ आणि ‘मुहम्मदिया’ या शंभर वर्षांच्या आसपासच्या संस्था शाळा, दवाखाने, मदरसे चालवत गावोगाव रुजलेल्या आहेत, आणि काही पक्षांची मुळे त्या जमिनीत आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तिथे १९९२ पासून अध्यक्ष थेट निवडला जातो आणि त्याच दिवशी संसदेचीही निवडणूक होते. दोन मोठे पक्ष आलटून पालटून सत्तेवर येतात. २००८ मध्ये अध्यक्षपदाचा निकाल अर्ध्या टक्क्याहून कमी मतांनी लागला, तरी हरलेल्या पक्षाने सत्ता सोडली. २०१६ मध्ये सोडली, २०२४ मध्येही सोडली. म्हणजे थेट मतपेटी पक्षाला मारतेच असे नाही. पक्ष अध्यक्षाच्या आधीपासून उभा असेल, आणि अध्यक्षानंतरही उभा राहणार असेल, तर तीच मतपेटी त्याला शिस्त लावते. पक्ष माणसासाठी जन्मला असेल तर तो माणसाबरोबरच संपतो.

*

आपल्या रोजच्या इबादतीत या विषयावरचा एक मोठा धडा दडलेला आहे, असे मला नेहमी वाटते. नमाजमध्ये इमाम एक असतो. सर्व जमात त्याच्या मागे उभी राहते, त्याच्याबरोबर रुकूत जाते, सजद्यात जाते. यापेक्षा शिस्तीचे अनुसरण दुसरे नाही. पण इमाम किराअतीत अडखळला किंवा रकअत चुकला तर मागचा मुक्तदी गप्प बसत नाही. तो लुकमा देतो. इमामाने रागावायचे नसते, चूक सुधारायची असते. म्हणूनच इमामाच्या अगदी मागे जाणत्या माणसांनी उभे राहावे असा दंडक आहे. सबंध मशीद लुकमा देऊ शकत नाही. शेवटच्या सफेतल्याला इमामाची चूक ऐकूही येत नाही. पहिली सफ जाणती असेल तर जमातीची नमाज सुरक्षित राहते.

राजकारणातली ही पहिली सफ म्हणजे पक्ष. अध्यक्ष चुकला हे मतदाराला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बरोबर बसणाऱ्यांना ते त्याच दिवशी कळते. ज्याने आपल्यामागे पहिली सफ उभीच राहू दिली नाही, तो कितीही परहेजगार असो, त्याच्या चुका दुरुस्त कोण करणार?

आपल्या इतिहासाची सुरुवातही हेच सांगते. ६३२ मध्ये प्रेषितांच्या निधनानंतर सकीफा बनू साइदा येथे चर्चा होऊन हजरत अबू बक्र (रजि.) यांची निवड झाली. त्या निवडीवरून उम्मतमध्ये मतभेद झाले, ते आजही आहेत. पण खलिफा झाल्यावर, मी नीट चाललो तर साथ द्या आणि वाकडा चाललो तर सरळ करा, असे त्यांनी लोकांना सांगितल्याची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत उमर (रजि.) यांनी अखेरच्या घटकेला एका माणसाचे नाव न घेता सहा जणांची शूरा नेमली. याचा अर्थ इस्लामने पक्षपद्धती सांगितली असा कोणी काढू नये. राज्याचा अमुक एक साचा धर्माने लादलेला नाही, असे इजिप्तच्या अली अब्दुर्राजिक यांनी १९२५ मध्येच ग्रंथ लिहून मांडले होते. त्याबद्दल अल्-अझहरने त्यांना आलिमांच्या यादीतून काढले. मला त्यांचे म्हणणे पटते. साचा आपण आपल्या अकलेने शोधायचा आहे. मात्र कोणताही साचा घेतला तरी एक कसोटी सुटत नाही. सत्ता ही अमानत आहे, आणि अमानत ज्याच्याकडे ठेवली त्याला हिशेब विचारणारा कोणी हवा. पाच वर्षांतून एकदा विचारणारा पुरेसा नाही.

*

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडण्याचा प्रयोग झाला होता. २०१६ मध्ये तो पुन्हा आला, मग सरपंचही थेट निवडले जाऊ लागले. महाविकास आघाडीच्या सरकारने ते बदलले. २०२२ मध्ये नव्या सरकारने पुन्हा थेट निवडणूक आणली. सरकार बदलले की नियम बदलला. यात तत्त्वाचा विचार किती आणि सोयीचा किती, हे वाचकांनी ठरवावे.

थेट निवडणुकीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. नगरसेवकांतून किंवा सदस्यांतून प्रमुख निवडायचा म्हटले की ‘सहली’ निघतात. चार दिवस माणसे गायब होतात आणि मतदानाच्या दिवशी गाडीतून उतरतात. त्या घोडेबाजाराला थेट मतदान आळा घालते, हे खरे आहे. पण नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, अशी गावे आपल्या परिचयाची आहेत. तिथे नळाच्या पाइपलाइनचा ठराव कसा अडकतो, हे तिथल्या रहिवाशांना विचारावे.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. पंचवीस नगरसेवकांच्या सभागृहात आपले तीन-चार जण असतील तर प्रमुख ठरवताना त्यांना विचारावे लागते. सबंध गावाने एकच माणूस निवडायचा असेल तर अल्पसंख्याकातला उमेदवार क्वचितच निवडून येतो. चुरस अटीतटीची असेल तर आपल्या मताला भाव येतो. नसेल तर आपल्याला वगळूनही गणित जमते. अब्दुल रहमान अंतुले १९८० ते १९८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. राज्यव्यापी थेट मतदान असते तर कोकणातला एक मुसलमान बॅरिस्टर त्या पदावर बसला असता का, याचा शांतपणे विचार करावा.

यावर कोणी म्हणेल, अंतुले तरी पक्षाने कुठे निवडले? ते पक्षश्रेष्ठींच्या मर्जीने आले. आक्षेप बरोबर आहे, आणि तो आपल्या दुखण्यावर बोट ठेवतो. संसदीय पद्धत असूनही आपले बहुतेक पक्ष एका माणसाचे किंवा एका घराण्याचे झालेले आहेत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदारांची पळापळ रोखण्याचा प्रयत्न केला. फुटणारे तरी फुटतच राहिले. पण व्हिपविरुद्ध मत देणाऱ्या प्रामाणिक सदस्याचे पद मात्र धोक्यात आले. म्हणजे आपल्याकडे सफ उभी आहे, पण तिला लुकमा देण्याची मनाई आहे. अशा पक्षांना लोक कंटाळले तर नवल काय? आणि कंटाळलेले लोकच एके दिवशी म्हणतात, एक चांगला माणूस द्या, बाकी कोणी नको. ट्युनिशियातले लोक असेच म्हणाले होते.

ही सवय आपल्या समाजातही खोल आहे. कौमचा रहनुमा कोण, हा प्रश्न आपण पिढ्यान्पिढ्या विचारत आलो. कोणी बोलका नेता दिसला की त्याच्यावर सगळा भार टाकून आपण घरी जातो, आणि त्याने निराश केले की त्याला शिव्या देत दुसऱ्याची वाट पाहतो. गावातल्या पक्षाच्या बैठकीला जाणे, वर्गणी भरणे, ठरावावर बोलणे, चुकीच्या उमेदवारीला तोंडावर विरोध करणे ही कामे कंटाळवाणी आहेत; त्यांत ना फोटो आहे ना टाळ्या. मोहल्ला कमिटीत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, मशिदीच्या ट्रस्टमध्येसुद्धा आपण एकाला अध्यक्ष करून सुटका करून घेतो. इथे ज्याने हिशेब विचारला नाही, तो विधानसभेत किंवा संसदेत विचारणाऱ्याची कदर कशी करील?

चांगला माणूस शोधू नये असे माझे म्हणणे नाही. शोधावाच. पण तो सापडल्यावर त्याला आणखी एक प्रश्न विचारावा: तुमच्याबरोबर कोण आहेत, आणि ते तुम्हाला अडवू शकतात का? या प्रश्नाने जो रागावेल त्याच्या हाती अमानत देताना हात आखडावा. आणि ज्याला हा प्रश्न आवडेल, त्याच्या मागच्या सफेत जाऊन उभे राहण्याची जबाबदारी मग आपली आहे.